कोळंबीचं तळं, खाडी आणि शेजाऱ्याची विहीर: परिणाम मोजून घ्यायला खर्च किती?

खाडीकाठच्या दोन हेक्टरांवर कोळंबीची तळी काढायचं ठरलं की 'पर्यावरणाचा अहवाल' हे प्रकरण लगेच कानावर येतं. एक सल्लागार पंचवीस हजारांत काम करून देतो म्हणतो, दुसरा अडीच लाख सांगतो, आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयातला ओळखीचा माणूस म्हणतो, तुम्हाला त्याची गरजच नाही. तिघांचंही खरं असू शकतं, कारण तिघे वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. पहिला अर्जासोबतचे कागद भरून देणार आहे. दुसरा भरतीरेषेच्या नकाशासकट पूर्ण अभ्यास करणार आहे. तिसरा कायद्याने लहान तळ्याला सक्तीचं काय आहे, तेवढंच सांगतोय.

आणि यातल्या कुठल्याच कागदावरून शेजाऱ्याच्या विहिरीचं पुढे काय होणार हे कळत नाही. त्यासाठी मापं घ्यावी लागतात, तीही तळ्यात खारं पाणी सोडायच्या आधी. लहान तळेवाल्याने पैसे अहवालाच्या पानांवर घालू नयेत, आधीच्या आकड्यांवर घालावेत, असं माझं मत आहे. पुढे दिलेले प्रयोगशाळेचे, उपकरणांचे आणि सल्लागारांचे दर अंदाज बांधण्यापुरते आहेत. गाव, अंतर आणि हंगामानुसार ते वर-खाली होतात. लेखी दरपत्रक घेतल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका.

कायदा कुणाकडे काय मागतो

या सगळ्याची सुरुवात ११ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून होते. तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांनी भातशेती आणि पिण्याचं पाणी खारवलं, म्हणून एस. जगन्नाथन यांनी याचिका केली होती. त्यातून पुढे २००५ चा किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा आला. प्राधिकरणाचं कार्यालय चेन्नईला आहे, पण तुमचा संबंध येतो तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीशी, आणि रोजच्या कामात मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयाशी. दोन हेक्टरांपर्यंतच्या तळ्यांचा प्रस्ताव जिल्हा समितीकडून पुढे जातो. त्याहून मोठ्याला राज्य समितीची पायरी वाढते.

नोंदणीची फी ऐकून माणूस हसतो. २००५ च्या नियमांत पाच हेक्टरांपर्यंत हेक्टरी २०० रुपये आणि किमान ५०० रुपये अशी ती होती, नोंदणी पाच वर्षांची. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नवे नियम आले, त्यामुळे पैसे भरताना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा चालू तक्ता बघूनच भरा. नोंदणीचे म्हणून कुणी वीस-तीस हजार मागत असेल, तर त्यातली सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळं लिहून मागा.

आता अहवालाचं. कायद्यासोबत आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन ४० हेक्टर आणि त्यावरच्या तळ्यांना आहे. दहा ते चाळीस हेक्टरांच्या मधल्यांनी पर्यावरणाची ठरावीक माहिती विहित नमुन्यात द्यायची. दहाच्या खाली अहवाल नाही, पण नियम मात्र सगळे लागू. कोकणातली बहुतेक खासगी तळी याच शेवटच्या गटातली. शिवाय २००६ च्या केंद्रीय मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात मत्स्यशेती नाही. म्हणून 'दिल्लीची पर्यावरण मंजुरी काढून देतो' म्हणणाऱ्याला अधिसूचनेतलं कलम दाखवायला सांगा. सागर नियमन क्षेत्राचा (सीआरझेडचा) प्रश्न वेगळा, आणि तो खरा आहे.

जिथे फुकटात निकाल लागतो

पैसे खर्चायच्या आधी एक दिवस फीत घेऊन जमिनीवर फिरा. पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या वाडीपासून तळं १०० मीटर, त्याहून मोठ्या गावापासून ३०० मीटर, पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून १०० मीटर लांब हवं. शेतजमिनीपासून माती बघून ५० ते १०० मीटर. पावसाचं पाणी जाणारा ओहोळ किंवा पऱ्या तळ्याच्या बांधाने अडता कामा नये, आणि कोळणींची खाडीत उतरायची वाट बंद होता कामा नये. कांदळवन, भातजमीन, मिठागर यांचं तळं करायचं नाही. एकूण जमिनीच्या ६० टक्क्यांहून जास्त भाग पाण्याखाली घ्यायचा नाही.

कांदळवनाबाबत महाराष्ट्रात आणखी कडक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे कांदळवन तोडणं आणि त्यात भराव टाकणं बंद आहे, आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. जमीन सातबारावर तुमची असली तरी! खारबंदिस्तीचा बांध फुटून भातखाचरात भरतीचं पाणी शिरलं आणि दहा-बारा वर्षांत तिथे तिवरं उभी राहिली, अशा जमिनी रायगडात भरपूर आहेत. मालक तिला अजून 'आमचं शेत' म्हणतो. अर्ज केल्यावर तपासणीला येणाऱ्याला तिथे झाडं दिसतात. अशी जमीन असेल तर इथेच थांबा. एकही रुपया पुढे घालू नका.

डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. जमिनीची मोजणी झालेली नसेल तर ग्रामीण भागात दोन हेक्टरांपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये पडतात. मोजणीचा नकाशा हातात असला की किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर आपला गट कुठे पडतो ते पाहता येतं. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतला पट्टा आणि नियमन क्षेत्रातला खाडी-नदी-बॅकवॉटरचा भाग २००५ च्या कायद्यानेच तळ्यांना बंद केला होता. २०२३ च्या दुरुस्तीत या तरतुदींची फेरमांडणी झाली. तेव्हा तुमचा गट कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी घ्या.

गट रेषेवरच पडत असेल, तर केंद्राने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांपैकी एकीकडून भरतीरेषा आखून, १:४००० च्या गाव नकाशावर चढवून घ्यावी लागते. हे काम लाखांत जातं. दोन हेक्टरांसाठी ते परवडत नाही. त्यापेक्षा दुसरी जमीन पाहणं स्वस्त.

विहीर, माती, खाडी: आधीचे आकडे

कोकणात खाडीचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. मे महिन्यात खारटपणा समुद्राच्या जवळ जातो, म्हणजे हजार भागांत तीसच्या वर. जुलैत तीच खाडी जवळजवळ गोडी होते. काठच्या विहिरींचंही तेच. काही विहिरी तळं नसतानाही मेमध्ये मचूळ होतात. त्यामुळे एकदाच बाटली भरून आणून काही कळत नाही. मेचा आकडा मेशी आणि नोव्हेंबरचा नोव्हेंबरशी ताडून पाहायचा. तळी खोदायचं काम पावसाळ्यानंतर काढणार असाल, तर त्याच वर्षीच्या मेमध्ये पहिली मापं घ्या, नोव्हेंबरमध्ये दुसरी, आणि मगच यंत्र लावा.

विहिरींपासून सुरुवात करू. तळ्याच्या जागेपासून सर्वांत जवळच्या दोन निवडा, एक उताराच्या बाजूची. पीएच, एकूण विरघळलेले क्षार, क्लोराइड आणि विद्युतवाहकता एवढं पुरे. खासगी प्रयोगशाळा याचे साधारण हजार रुपये घेते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत हेच नाममात्र शुल्कात होतं, आणि जल जीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना दिलेल्या तपासणी संचातही क्लोराइड पाहता येतं. संचाचा आकडा ढोबळ असतो, वादाच्या वेळी प्रयोगशाळेचाच चालतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची योग्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर १,००० पर्यंत चालतं. तुमच्या तळ्यामुळे विहीर ३०० वरून ९०० वर गेली, तर मानकाच्या भाषेत ती अजून 'चालणारी' आहे. ज्या घरात ते पाणी पितात, तिथे हे सांगून बघा. म्हणून मर्यादा ओलांडली का, एवढ्यावर समाधान मानू नका. आधी किती होतं आणि आता किती झालं, यातला फरक पाहा.

दोन हजारांच्या आत खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, तेवढ्यातच वाहकतेचा पेन आणि पीएचचा पेन त्याहून थोडा स्वस्त. ही तिन्ही तळं चालवायला तशीही लागतातच. विहिरीसाठी रिफ्रॅक्टोमीटर मात्र वापरू नका. थोडा मचूळपणा त्यात दिसतच नाही, तिथे वाहकतेचा पेन हवा. पंधरा दिवसांनी एकदा दोन्ही विहिरींची वाहकता वहीत लिहायची आणि विहीरमालकाची सही घ्यायची. या सहीला पैसे पडत नाहीत, पण उद्या भांडण झालं तर तुम्हा दोघांनाही तिचाच आधार.

मातीचे तीन-चार नमुने, प्रत्येकी पाचशेच्या आसपास. वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर असेल तर जमीन आधीपासूनच खारी आहे, हे नोंदलं जातं. पण खारेपाटात याहून महत्त्वाची एक चाचणी लोक करत नाहीत. जुन्या कांदळवनाच्या, काळ्या चिखलाच्या मातीत लोखंड आणि गंधकाचं संयुग दडलेलं असतं. ओली असेपर्यंत ती गरीब असते. खोदून उन्हात टाकली की हवा लागून आम्ल तयार होतं, आणि पहिल्या पावसात ते बांधावरून तळ्यात आणि तळ्यातून खाडीत उतरतं. घरच्या घरी तपासायचं तर एक ढेकूळ दमट ठेवून काही आठवडे हवेत राहू द्या आणि मधूनमधून पीएच पाहा. घसरत चार-साडेचारच्या खाली गेला तर पुढच्या वर्षानुवर्षांच्या चुन्याचा खर्च आत्ताच हिशेबात धरा. प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइड घालून हीच चाचणी तासाभरात होते. खाऱ्या जमिनीबद्दल पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राशी बोलावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र याच मातीवर काम करतं.

खाडीचे नमुने दोन ठिकाणचे: जिथे तुमचा निचरा पडणार त्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. इथे शहरातून आलेला नमुनेवाला हमखास फसतो, कारण खाडीत वरचं-खालचं दर सहा तासांनी बदलतं. भरतीला खालचं पाणी वर येतं. नमुना ओहोटीच्या शेवटी घ्यायला सांगा, आणि वहीत तारखेसोबत तिथी लिहा. अष्टमीच्या भांगाला घेतलेला आकडा पौर्णिमेच्या उधाणाच्या आकड्याशी लावला, तर फरक भरतीचा पडतो आणि दोष तळ्यावर येतो. किंवा उलट, तळ्याचा दोष उधाणात धुऊन जातो.

प्रयोगशाळेला विचारायचे दोन प्रश्न

खाडीच्या एका नमुन्याला साधारण तीन ते सहा हजार लागतात. त्यात पीएच, तरंगता गाळ, विरघळलेला प्राणवायू, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू), अमोनिया, एकूण नत्र आणि विरघळलेलं फॉस्फेट हवं, कारण प्राधिकरणाच्या निचऱ्याच्या तक्त्यात हीच मापं आहेत. निचरा खाडीत पडत असेल तर बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी ७५, तरंगता गाळ १००, मुक्त अमोनिया ०.५, एकूण नत्र २ आणि फॉस्फेट ०.२ इथपर्यंतच चालतं. उघड्या समुद्रात सोडणाऱ्याला बीओडी ५०, सीओडी १००, अमोनिया १ आणि फॉस्फेट ०.४ अशी ढील आहे. खाडी बंदिस्त, म्हणून तिला कडक नियम.

पहिला प्रश्न: खाऱ्या पाण्याचा सीओडी तुम्ही कसा काढता? कारखान्याचं सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत खाडीचं पाणी नेलं, तर त्यातलं क्लोराइड चाचणीतलं रसायन खातं आणि सीओडी भरमसाट येतो. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट घालावं लागतं, तेही पुरेसं. 'आम्ही सगळ्या पाण्याला एकच पद्धत लावतो' असं उत्तर आलं तर दुसरी प्रयोगशाळा पाहा. एनएबीएल मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं. त्याच्या व्याप्तीच्या यादीत खारं किंवा सागरी पाणी आहे का, ते पाहायचं.

दुसरा प्रश्न: बीओडी तीन दिवसांचा की पाच? आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळा २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो काढतात. प्राधिकरणाचा तक्ता २० अंशांवर पाच दिवसांचा आहे. कुठलीही एक पद्धत धरा, पण तळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच पद्धतीचा असू द्या.

नमुना घेताना स्वतः हजर राहा. प्राणवायूची काचेची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली बुडवून, बुडबुडा न राहता भरायची असते, आणि जागेवरच त्यात दोन रसायनं घालून बूच लावायचं असतं. चांगला प्राणवायू असलेल्या पाण्यात लगेच तपकिरी गाळ बसू लागतो. प्रयोगशाळेचा मुलगा बाटली नळाखाली धरल्यासारखी वरून भरून, रसायन न घालता गाडीत ठेवत असेल, तर तो आकडा घरी पोहोचेपर्यंत मेलेला असतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचायला हवा. श्रीवर्धनहून नवी मुंबईला बाटल्या जायच्या तर गाडीभाडं नमुन्याइतकंच होतं. म्हणून दोन-तीन तळेवाल्यांनी एकच फेरी बांधून घ्यावी, भाडं वाटून जातं.

तळ्यातून किती बाहेर पडतं: कागद-पेन्सिलीचा हिशेब

प्रयोगशाळेत जायच्या आधी घरी बसून हे गणित करता येतं. सव्वा हेक्टरभर पाण्यातून एका हंगामात पाच टन व्हेनामी जातीची कोळंबी निघाली असं धरू. किलोभर कोळंबीला दीड किलो खाद्य, म्हणजे साडेसात टन खाद्य. त्यात ३५ टक्के प्रथिनं आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र, म्हणजे ४२० किलो नत्र तळ्यात पडलं. कोळंबीच्या अंगात वजनाच्या सुमारे तीन टक्के नत्र असतं. पाच टनांबरोबर १५० किलो नत्र बर्फाच्या पेट्यांतून बाजारात गेलं. उरलं २७० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या तेरा गोणी खाडीकाठी फोडाव्यात, तेवढं हे नत्र आहे.

अर्थात ते सगळं खाडीत जात नाही. बराचसा भाग तळाच्या गाळात बसतो, काही हवेत उडतो. पण यातून दोन गोष्टी कळतात. एक, खाद्याचं प्रमाण दीडवरून सव्वावर आणलं तर वर्षाकाठी खाद्याचे पैसे वाचतातच, शिवाय शिल्लक नत्र २७० वरून २०० किलोवर येतं. पर्यावरणाचा याहून फायद्याचा उपाय मला माहीत नाही. दोन, गाळाचं काय करायचं हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा आहे. काढणीनंतर नळ लावून गाळ खाडीत लोटून देणारे तळेवाले वर्षभराचं केलेलं एका दुपारी घालवतात.

म्हणूनच निचऱ्याचा नमुना कधी घेतला याला महत्त्व. भरल्या तळ्याच्या वरचं पाणी हिरवट पण स्वच्छ असतं, त्याचे आकडे छान येतात. काढणीच्या दिवशी उघाडी उचलली की पहिलं तीन-चतुर्थांश पाणी जवळपास तसंच जातं. शेवटचा पाचवा हिस्सा काळपट, दाट, कुजक्या वासाचा. सगळी घाण त्याच्यात. अहवालात 'निचऱ्याचा नमुना मर्यादेत' असं वाचलं तर विचारा, कितव्या तासाचा? तुमच्यासाठी नमुने दोनच, पण नेमके: शेवटच्या निचऱ्याचा, निवळणीच्या तळ्यात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक. दर काढणीला दोन्ही मिळून नऊ-दहा हजार.

निवळणीचं तळं व्हेनामीला कुठल्याही आकाराच्या शेतावर लागतंच, आणि ते तळ्यांच्या क्षेत्राच्या किमान दहा टक्के हवं. दोन हेक्टर जमीन, त्यात साठ टक्क्यांच्या नियमाने १.२ हेक्टर पाणी, त्याचे दहा टक्के म्हणजे बारा गुंठे. खोदाईपेक्षा या बारा गुंठ्यांतून न निघालेली कोळंबी हाच खरा खर्च, आणि म्हणूनच ते कागदावर असतं, जागेवर भातखाचराएवढा खड्डा असतो. त्या बारा गुंठ्यांत कालवं, शिंपले किंवा बोय सोडली तर थोडं उत्पन्नही येतं आणि पाणीही निवळतं.

एकूण बेरीज

दोन हेक्टरांच्या, अहवालाची सक्ती नसलेल्या शेतासाठी पहिल्या वर्षाचा हिशेब असा बसतो. खाडीचे चार नमुने, सरासरी साडेचार हजारांनी १८,०००. विहिरींचे चार नमुने ४,०००. माती २,०००. हातातली उपकरणं साडेपाच हजार. बर्फ, पेटी, गाडीभाडं ५,०००. मोजणी, सातबारा आणि जुन्या दराने नोंदणी धरून २,६००. दोन काढण्यांचे निचऱ्याचे नमुने १८,०००. बेरीज पंचावन्न हजारांच्या आसपास. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत निमखाऱ्या पाण्याच्या नव्या तळ्यांचा प्रकल्पखर्च हेक्टरी आठ लाख धरला होता; त्या मानाने १.२ हेक्टरच्या खोदाईचे ९ लाख ६० हजार होतात. मापांचा खर्च त्याच्या सहा टक्क्यांहून कमी. दुसऱ्या वर्षापासून उपकरणं आणि मोजणी वजा होतात.

सल्लागार घ्यायचाच तर व्यवस्थापन आराखडा लिहायला तीस ते साठ हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी, असं धरून चला. पूर्ण मूल्यांकनाला काही लाख लागतात, आणि तिथे क्यूसीआय-नॅबेटची मान्यता असलेली संस्था पाहा. दरपत्रकात नमुने किती, कुठले, कुठल्या महिन्यात, हे लिहिलेलं हवं. 'पर्यावरणीय अभ्यास, एकरकमी' अशी एकच ओळ असेल तर ते पैसे टंकलेखनाचे आहेत. गोदावरीच्या मुखाजवळचा अहवाल उचलून गावाचं नाव बदलणारे महाभाग या धंद्यात आहेत. वनस्पतींची यादी वाचून पाहा, तुमच्या खाडीत कधी न दिसलेली झाडं त्यात सापडतील.

परदेशी खरेदीदारासाठी एएससीचं, म्हणजे जबाबदार मत्स्यशेतीचं, प्रमाणपत्र हवं असेल, तर जैवविविधतेचं आणि गावकऱ्यांवरच्या परिणामांचं अशी दोन वेगळी मूल्यांकनं करून घ्यावी लागतात. एकट्या दोन हेक्टरवाल्याला ते झेपत नाही. गटाने केलं तरच विचार करावा.

तळ्याऐवजी खाडीत पिंजरा टाकून जिताडा वाढवणाऱ्यांसाठी थोडक्यात: २०२३ च्या दुरुस्तीने पिंजऱ्यातली शेतीही याच कायद्याखाली आली. तिथे पाण्यापेक्षा तळाचा चिखल तपासा. पिंजऱ्याखालचा एक आणि शंभर मीटरवरचा एक नमुना, दोन्हींतला सेंद्रिय कर्ब. काढलेला चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असेल तर प्रयोगशाळेची वाट न पाहता पिंजरा हलवा. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात विकतच्या खाद्याशिवाय जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. तिला यातलं काही लागत नाही, बाहेर जाण्यासारखं तिथे फारसं काही नसतंच.

तळं तुमचं नसेल तर

शेजारी, विहीरमालक किंवा ग्रामपंचायत म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर तुमचा खर्च याहून कमी आहे. विहिरीची मापं तुम्हीही घेऊ शकता, आणि तळ्याचं काम सुरू झाल्याचं दिसताच घ्यावीत. तळ्याची नोंदणी झाली आहे का, तपासणीत काय लिहिलं, निवळणीचं तळं किती दाखवलं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतं; प्रतींना पानाला दोन रुपये. नमुना घेताना ग्रामसेवक किंवा पोलीस पाटलाच्या समक्ष पंचनामा करा, बाटलीवर तारीख, वेळ, भरती की ओहोटी हे लिहून सह्या घ्या. साध्या बाटलीत घरून भरून नेलेलं पाणी प्रयोगशाळा तपासून देते, पण अहवालावर 'नमुना ग्राहकाने आणला' असा शेरा पडतो, आणि समोरचा वकील नेमका तोच वाचून दाखवतो.

प्रकरण मिटलंच नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान हजार. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. नुसती तक्रार कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावी लागते, उशिराचं योग्य कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. विहीर खारी झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं तो दिवस वहीत नसेल, तर ही मुदत कुठून धरायची यावरच पहिल्या तारखा जातात. म्हणून ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या सभेत ठराव करून गावातल्या खाडीकाठच्या विहिरींची वाहकता दर महिन्याला नोंदायचं काम एकाकडे सोपवावं. पेनाचे दोन हजार पंचायतीच्या खर्चात सहज बसतात.